पक्षपंधरवडा आणि यमुना

अनंताचे दोरे सुटले, गणपती पाण्यात गेले की दुसऱ्या दिवशी आमच्या कल्याणच्या बाजाराचा रंग पालटतो. पारनाक्याशी लाल भोपळ्यांचे ढीग लागतात. गवार, भेंडी, कारली, अळूच्या जुड्या, केळीची पानं. घरोघर उडीद दळायला बसतात, आणि आळीतून नुसतं चालत गेलं तरी जात्याच्या घरघरीवरून कुणाकडे कोणत्या तिथीला पान आहे ते मला सांगता येतं. ऊन चटका देतं, मध्येच एक सर येऊन जाते, आणि ओल्या मातीची वाफ नाकात शिरते ती तेरड्याचा आणि तळणाचा वास बरोबर घेऊन. गाव गंभीर होतं. नवं लुगडं घ्यायचं नाही, सोयरीक बोलायची नाही, हसायचं तेही जरा बेतानं.

आणि माझ्या अंगात मात्र जत्रा भरते.

कमरेला पदर खोचून मी माळ्यावरून दावी काढते. जुनी पिळदार आहेत का, कुठे कुजली आहेत का ते ओढून बघते. तेलाची बरणी, हिंग, ओवा, सुंठ, बांबूची नळी, उंबराच्या दोन जाड काठ्या, जुनी गोणपाटं हे सगळं ओसरीवर मांडते. मग आळीवार याद्या. माझी धाकटी जाऊ द्वारका उंबऱ्याला टेकून हे बघत असते. ती दरवर्षी एकच वाक्य बोलते, आणि दरवर्षी मला हसू येतं.

"जाऊबाई, लोकांचे पितर येतात. तुमचं जसं काही माहेरचं माणूस येतं."

खरंच आहे. वर्षभर मी भटक्या जनावरांच्या मागे असते, पण बाकीच्या दिवसांत त्यांना कुणी विचारत नाही आणि या पंधरा दिवसांत त्यांना जो तो जेवायला बोलावतो. माझं सगळ्यात धावपळीचं काम उपाशी जनावरांचं नाही. ते आहे पक्षात जेवलेल्या जनावरांचं.

हे वेड मला कसं लागलं, असं लोक विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकतात की मूलबाळ नसेल. मला दोन मुलगे आहेत, दोघेही मुंबईस नोकरीला, दोघांचीही पोटं सुटली आहेत. वेड लागलं ते आमच्या घरच्यांमुळे. हे कचेरीतून येताना एकदा स्टेशनाकडून आले, तर खांद्यावर उपरणं नाही, आणि हातात एक गाठोडं. गाठोड्यातून शेपूट बाहेर. मालाच्या डब्याखाली सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं, मागचा एक पाय गेलेला. "टाकून यायला जमेना," एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला निघून गेले. पुढचं सगळं मी केलं. अजूनही असंच चालतं. आणायचं त्यांनी, निस्तरायचं मी, आणि गावानं नाव ठेवायचं तेही मलाच.

आज परसात काय काय आहे ते सांगते. टांग्याचं एक आंधळं तट्टू आहे, ते वासावरून द्वारकेला ओळखतं आणि तिच्या अंबाड्यातलं फूल खातं. चुन्याच्या गोण्या वाहून पाठ सोलवटलेलं एक गाढव आहे. मांजरी मोजायच्या नाहीत असं मी ठरवलं आहे. तीन पायांची एक कुत्री आहे. त्या पहिल्या पिल्लाची ती कुणी नाही, पण पाय त्याच बाजूचा गेलेला. पंख मोडलेली एक घारही आहे आणि तिला मांसाशिवाय काही चालत नाही, म्हणून एक कोळीण रोज मासळीची डोकी घेऊन दिंडीदरवाजाशी येते, बाहेरच्या बाहेर तिला भरवते आणि जाताना मला म्हणते, "बामनीन बाय, तुजी लेक जेवली बग."

सकाळी उठले की आधी पाणी. नाक्यावरच्या दगडी डोण्या घासून भरायच्या. मग शहाडकडून आणि मोहन्याकडून गवताच्या मोळ्या घेऊन बाया येतात, त्यांच्याकडून हिरवं निवडून घ्यायचं. मग कुत्र्यांना ताकात कुस्करलेली भाकरी. ती नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, कारण कुत्र्याला एकदा वेळ कळली की ते दारोदार फिरून काठ्या खात नाही. सगळं एका पाठोपाठ एक. मला हे आवडतं. भक्तीबिक्ती लोक म्हणतात, पण खरं सांगायचं तर एखादी पंगत नीट लागली, कुणी राहिलं नाही, कुणाला दोनदा गेलं नाही, की जे बरं वाटतं ना, तेच मला रोज सकाळी वाटतं.

पक्षात हीच पंगत विस्कटते. रीत अशी की ज्या घरी श्राद्ध असेल तिथे पिंड झाले की घरची पानं वाढायच्या आधी एक पान गाईला आणि एक कावळ्याला. गाईनं तोंड लावलं की घरच्यांनी जेवायचं. रीत छान आहे. पण सगळ्या गावाची वेळ एकच, ऐन दुपार. आणि पान म्हणजे काय? भात, वरण, खीर, उडदाचे वडे, तुपात भिजलेली पुरी, वर आणखी भात. वर्षभर कुंपणाचा पाला चावणाऱ्या गाईनं हे एका घरी खाल्लं तर जिभेचे चोचले. दहा घरी खाल्लं तर पोटात आंबतं, वारा धरतो, डावी कूस ढोलासारखी फुगते, आणि मग फार वेळ नसतो. मी ज्या वर्षाबद्दल सांगणार आहे त्याच्या आदल्या पक्षात एक पांढरी गाय अशीच तळ्याच्या काठी गेली. बायका हळहळल्या. म्हणाल्या, पुण्यवान, पितरांचं अन्न पोटात घेऊन गेली. मी तिथेच उभी होते. पुण्यवान गाईची जीभ अशी बाहेर येत नाही.

म्हणून मी ठरवलं, येत्या पक्षात एकही गाय जाऊ द्यायची नाही.

आणि सगळ्यात जास्त भीती होती यमुनेची. दूधनाक्याजवळचा एक गवळी गाव सोडून गेला तेव्हा ही भाकड गाय मागे ठेवून गेला होता. तांबूस रंग, शिंगं आत वळलेली, आणि स्वभाव असा अदबीचा की दारात उभी राहिली तर वाटावं, आत येऊ का असं विचारते आहे. इतर मोकाट गाई पान ओढतात, लाथ मारतात. एकीला तर वाळत घातलेली धोतरं खायची खोड होती. तिचं नाव मी चंडी ठेवलं होतं. यमुना मात्र मान खाली घालून, पान न फाडता, वासरासारखी चाटून खायची. त्यामुळे गावात बोललं जाऊ लागलं की यमुनेनं तोंड लावलं म्हणजे पितरांना पोचलं. आमचे हे म्हणायचे, "घरात गोदा, बाहेर यमुना. दोघींनाही नाही म्हणता येत नाही."

पक्षाला आठ-दहा दिवस असताना मी आणि द्वारका घरोघर निघालो. माझी मांडणी साधी होती. गाईला ग्रास म्हणजे मूठभर घास, पानभर जेवण नव्हे. वडा नको, खीर बोटभर. आणि प्रत्येक आळीला एकेक गाय वाटून द्यायची. दुपारी आम्ही दोघी दाव्यानं तिला दारोदार फिरवणार, म्हणजे कुठल्याच गाईच्या वाट्याला चार-पाच घरांपेक्षा जास्त येणार नाही.

"पितर वर्षातून एकदा जेवायला येतात गोदाबाई," एकीनं मला सुनावलं. "त्यांनाही मोजूनमापून वाढू?"

"पितरांना पोटभर वाढा. गाईला घासभर."

"आणि गाय कुठली? ती धोतरखाऊ?"

"तुमच्या आळीला तीच आहे. धोतरं आत घ्या."

नाना भटजी माझ्या बाजूचे निघाले. ग्रास म्हणजे घासच, असं त्यांनी चार घरी ठासून सांगितलं. त्यामागे त्यांच्या पोटाची सहानुभूती असावी, कारण पक्षात गावात दोघांचीच अशी ओढाताण चालते, यमुनेची आणि त्यांची. सकाळपासून या घरून त्या घरी, प्रत्येक ठिकाणी आग्रह. आमच्या ह्यांनी त्यांना एकदा विचारलं, "नाना, तुमचं पोट फुगलं तर गोदा तुमच्याही तोंडात काठी बांधेल. चालेल ना?" नाना म्हणाले, "काठी चालेल हो, पण ती तेल पाजते म्हणे."

त्या पंधरवड्यातल्या दुपारी अजून डोळ्यापुढे येतात. कचेरीची घंटा झाली की आम्ही सुटायचो. द्वारकेच्या हातात एक दावं, माझ्या हातात दुसरं. आळीत तळणाचा धूर, केळीच्या ओल्या पानांचा वास, छपरांवर कावळ्यांची नुसती सभा. दारादारांतून हाका. "गोदावहिनी, आधी इकडे! आमच्याकडे म्हातारे खोळंबलेत!" "अहो, थांबा, आमचे पिंड व्हायचेत!" चंडी एका घरी तुळशीसकट वृंदावनाची माती चाटून आली. एका घरचे आजोबा गाईपुढे हात जोडून उभे राहिले, आणि तिनं त्यांच्या हातातला घास सोडून खांद्यावरचं उपरणं धरलं. दोन्हीकडून ओढाओढ, आणि मागून त्यांच्या सूनबाई पदरात तोंड लपवून हसताहेत. लोक म्हणत, बाईमाणसानं भर दुपारी गुरं हाकावीत हे शोभतं का? शोभत नसेल. पण मी इतकी खूष होते की घामानं कुंकू ओघळून नाकावर आलेलं मला घरी आल्यावर आरशात दिसायचं.

तिथीमागून तिथी गेली. अविधवा नवमी पार पडली, त्या दिवशी तर प्रत्येक आळीत पान होतं. एकही गाय आजारी नाही! मी आणि द्वारका रात्री अंगणात पाय पसरून एकमेकींच्या टाचांना तेल लावायचो आणि खिदळायचो. आता एकच दिवस राहिला होता, सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी हुकली, ज्यांची तिथी ठाऊकच नाही, अशा सगळ्यांचं त्या दिवशी.

काशीताईंच्या हरीचं पान त्याच दिवशी होतं.

काशीताई आमच्या मागच्या आळीत राहणाऱ्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेला, एकच मुलगा. हरी भाताच्या वखारीत कारकून होता. मालाबरोबर मचव्यातून मुंबईस निघाला, दुर्गाडीच्या धक्क्यावरून हात हलवून गेला, आणि तो मचवा मुंबईस पोचलाच नाही. खाडीत की पुढे समुद्रात, कोणत्या दिवशी, काही कळलं नाही. काहीच परत आलं नाही. वर्षभर वाट पाहून त्यांनी सगळं करून घेतलं, आणि हा त्याचा पहिला पक्ष होता. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "गोदे, तू म्हणशील तसं. मूठभर म्हणतेस, मूठभर घालीन. पण गाय मला यमुनाच हवी. हरी तिला रोज काहीतरी द्यायचा. ती त्याला ओळखते."

मी शब्द दिला. त्या दिवशी यमुनेला मी फक्त दोन घरं ठेवली, आणि शेवटचं घर काशीताईंचं.

माझी मांडणी कुठे फसली ते अमावास्येच्या सकाळी कळलं. द्वारका तळ्याकडून धावत आली, डोक्यावरचा पदर खांद्यावर.

"जाऊबाई, यमुना... पोखरणीपाशी... आडवी झालीय. कूस अशी," म्हणून तिनं दोन्ही हात फाकले.

घरोघरी माझं ऐकलं होतं. अगदी खरंच ऐकलं होतं. पुढच्या दाराशी आमच्या दाव्याच्या गाईला मूठभरच घास मिळत होता. पण घरच्या बायकांच्या मनाची खात्री पटेना. एवढ्यानं पोचेल ना? चंडीसारख्या गाईनं खाल्लेलं पोचतं का? मग प्रत्येकीनं, आपण एकट्याच करतो आहोत अशा समजुतीनं, मागच्या दारानं यमुनेला गुपचूप पान घातलं. वडे, खीर, सगळं. माझ्यापासून लपवायचं म्हणून आमची फेरी निघायच्या आधी, सकाळीच. पंधरा दिवस हे चाललं होतं आणि त्या आधाशी अदबशीर गाईनं एकाही घराला नाही म्हटलं नव्हतं. अमावास्येला तर सगळ्या गावाचं पान.

आम्ही दोघींनी आणि ह्यांनी मिळून तिला उठवली. कशी, ते विचारू नका. ढकलून, ओढून, शेपूट पिळून, शिव्या देऊन. परसात आणली, पुढचे पाय चौथऱ्यावर चढवले म्हणजे पोटातला वारा वर सरकतो. उंबराची काठी तोंडात आडवी घालून दोरी शिंगांना बांधली, की जनावर ती चघळत राहतं, लाळ गळते, ढेकर सुटायला वाट होते. गोड्या तेलात हिंग-ओवा घालून नळीनं पाजलं. मग चोळणं. डावी कूस खालून वर, खालून वर, जोर लावून. हाताखाली चामडं ढोलासारखं वाजत होतं. तिचा श्वास तोकडा तोकडा. डोळे पांढरे.

कचेरीची घंटा झाली. आळीत नेहमीची गडबड उठली. मला तिकडे जाता येईना. द्वारकेला चंडी आणि दुसरी एक गाय देऊन पाठवलं. आणि थोड्या वेळानं दिंडीदरवाजात काशीताई उभ्या राहिल्या, सोवळ्यात, हातात केळीचं पान. पानावर मूठभर भात, बोटभर खीर, आणि एक वडा. एकच.

"गोदे, पिंड झाले. दिराचा मुलगा हात जोडून बसलाय. यमुना कुठे?"

मी बाजूला झाले. त्यांनी पाहिलं. पण काय पाहिलं ते त्यांना कळलं नसावं.

"दोरी सोड तिची. एक घास खाऊ दे, मग बांध पुन्हा."

"काशीताई, आता एक घास गेला तर ती मरेल. सकाळपासून गावानं घातलंय तिला."

"गावाचं खाल्लंन?"

"सगळ्यांचं."

त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "सगळ्या गावाचं पोटात घेतलंन. आणि माझ्या हरीलाच तेवढी जागा नाही?"

मी दुसऱ्या गाईचं नाव काढलं. त्यांनी मान हलवली. नाना भटजी कुणाच्या तरी घरून जेवून येत होते, गडबड ऐकून आत आले. त्यांनी शास्त्रातला मार्ग सांगितला. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं गाईला नुसतं गवत घातलं तरी श्राद्ध घडतं, म्हणाले. सद्भावनेनं म्हणाले बिचारे.

काशीताई त्यांच्याकडे वळल्या. "भटजी, मी काय भिकारीण आहे? परवापासून उडीद निवडतेय मी. वडे माझ्या हातचे आहेत. पोराला पहिलं पान, आणि ते गवत?"

नानांना ढेकर आली ती त्यांनी गिळली.

काशीताई पान मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. जाईनात. घरी दिराचा मुलगा खोळंबलेला, सगळी पानं वाढलेली, आणि गाईनं तोंड लावल्याशिवाय तिथे कुणी जेवणार नाही. काशीताई तर आदल्या दिवसापासून उपाशी.  पण मला बोलत बसायला वेळ नव्हता, कारण यमुनेचे मागचे पाय लटपटायला लागले होते आणि एकदा का ती पुन्हा खाली बसली असती तर संपलंच असतं. हे तिला खांदा लावून उभे. माझे हात भरून आले होते.

"काशीताई," मी म्हटलं, "पान खाली ठेवा आणि इकडे या. मला हात कमी पडताहेत."

त्यांनी मग पान पायरीवर ठेवलं, सोवळं खोचलं, आणि आल्या. मी दाखवलं तशी कूस चोळायला लागल्या. पहिल्यांदा भीत भीत, मग जोरानं. आयुष्यभर जातं ओढलेले हात ते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या यमुनेशी बोलताहेत.

"हावरट गं तू. हावरट मेली. त्याच्या हातचंही असंच ओरबाडायचीस. वखारीत जाताना कुंपणावरची वेल ओढून द्यायचा, तर बोटं चाटून काढायचीस त्याची. मी ओरडायची, अरे शिवाशिव, हात धू. ऐकायचा का? ... आणि आज त्यानं दिलंय तर तोंड बांधून बसलीस?"

चोळत होत्या, बोलत होत्या, रडत होत्या, आणि हात थांबत नव्हता. ह्यांनी मान दुसरीकडे वळवली. नाना भटजीही शेवटी उपरणं बाजूला ठेवून शेपटाकडच्या बाजूला आले, कुणी सांगितलं नसताना. तिथे उभं राहण्यात शहाणपण नव्हतं, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं.

आणि मग सुटलं! आधी एक ढेकर, आळीतले कावळे उडाले असतील अशी. आंबलेल्या खिरीचा, वड्यांचा, सगळ्या गावाच्या पितरांचा वास एकदम परसभर. मागोमाग दुसरी, तिसरी, आणि मग पुढून नव्हे, मागून. नाना भटजी दोन हात मागे उडाले. "शिव शिव शिव!" त्यांचं धोतर, त्यांची पोथीची पिशवी, काही विचारू नका. आंधळं तट्टू घाबरून खिंकाळलं. माझ्या हाताखाली ती कूस हळूहळू खाली बसत चालली, बसत चालली, आणि मला अंगात वीज खेळल्यासारखं झालं. मी ओरडलेच, "उतरतंय! काशीताई, उतरतंय!"

मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या हसत होत्या. तोंडावर हात धरून, आवाज न करता, अंग गदगदून. मचवा गेल्यापासून त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

लोक म्हणतात मी जनावरांवर दया करते. मला तो शब्द कधी पटला नाही. दया दुरून करता येते. पान वाढायचं, हात जोडायचे, मागचं दार लावून घ्यायचं. गावानं यमुनेवर पंधरा दिवस दयाच केली की. कुणाला किती भूक आहे, काय पचेल, आता द्यायचं की थांबायचं, हे बघायला मात्र जवळ जाऊन पोटाला हात लावावा लागतो, आणि मग जे अंगावर येईल ते येतं. हल्ली आमच्या गावात बऱ्याच घरी गाईला मूठभरच घास घालतात, वडा घालत नाहीत, आणि मागच्या दाराशी पान ठेवायचं झालं तर मला आधी विचारतात. माझ्या याद्यांनी हे झालं नाही. त्या दिवशी परसाच्या भिंतीपलीकडून निम्मी आळी डोकावत होती, त्यानं झालं.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा यमुना स्वतःच्या पायांवर उभी होती. काठी काढली. तिनं ओठ चाटले, पाणी प्यायली, पुन्हा प्यायली. काशीताई तिच्या गळ्याखाली खाजवत होत्या.

"आता काही चालेल तिला?" त्यांनी विचारलं. पायरीवरच्या पानाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"कोवळं हिरवं. मूठभर. अगदी मूठभर."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. कुंपणाशी गेल्या. तिथे पावसानं माजलेली एक वेल होती, नाव घ्यावं अशीही नाही, कुणीही उपटून टाकावी अशी. तिचा शेंडा त्यांनी ओढला, पानं झटकली, आणि यमुनेसमोर तळहात धरला.

नाना भटजी विहिरीवर न्हाऊन ओल्या पंच्यात उभे होते. काशीताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "हे गरिबीचं नाही हो भटजी. हे त्याच्या हातचं आहे."

यमुनेनं वास घेतला. मान खाली घातली आणि वेल ओढून घेतली, मग बोटांमधली उरलेली पानं, मग नुसती बोटं, चाटून चाटून. काशीताईंनी हात मागे घेतला नाही.

"जा गं द्वारके," माझी जाऊ फेरीवरून परतली होती, तिला त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जाऊन सांग, गाय जेवली. म्हणावं, बसा पानावर. आणि येताना माझं पान इकडेच घेऊन ये. माझ्यानं आता चालवत नाही."

गाईचं पान तीन पायांच्या कुत्रीला घातलं. हरीला कुत्र्याचंही वावडं नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं. द्वारका त्यांचं पान घेऊन आली. आमच्याही घरी कुणी जेवलं नव्हतं, तेव्हा आम्हीही पानं बाहेरच आणली. परसातच बसलो सगळे, गोणपाटावर, शेणातेलाच्या वासात. काशीताई खाली मान घालून जेवल्या. भात पुन्हा घेतला. खीर घेतली. वडा मोडून तोंडात घातला, थोडा वेळ चावत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलं."

हात धुतले, पदराला पुसले, यमुनेच्या कुशीवर एकदा हात फिरवून बघितला. मग मला विचारलं, "उद्या हिला गवत किती लागेल, आणि कोणी आणायचं?"